लाईट गेल्यावर बॅकअप घ्यायचा नसतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे तो असा: बार्शीत खतं-बियाणांचं दुकान, दोन कॉम्प्युटर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एकावर आणि दुसरा नेटवर्कने त्याला जोडलेला. दिवसातून तीन-चारदा लाईट जाते. यूपीएस आहे, पण दोन मिनिटं टी-टी करतो आणि झोपतो. गेल्या आठवड्यात तसंच झालं, नंतर कंपनी उघडेना, कुणीतरी रिपेअर मारला आणि नऊ दिवसांची बिलं गळाली. पेनड्राईव्हवर बॅकअप होता, पण तो दिवाळीआधीचा. आता तुम्ही विचारताय, लाईट गेली रे गेली की त्याच क्षणी आपोआप बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर मिळेल का.

मिळेल. दहा ओळींची बॅच फाईल, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं द्यायच्या आज्ञांची यादी, लिहून मीही देऊ शकतो. पण घेऊ नका, आणि का घेऊ नका तेच सांगायला एवढं लांबण लावतोय. सांगलीत २२ वर्षं दुकानांचे, आडत पेढ्यांचे आणि चार-दोन पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. हाच प्रश्न मला दर पावसाळ्याच्या तोंडाला, वळवाच्या पहिल्या वादळानंतर कुणीतरी विचारतोच.

त्याआधी एक तातडीचं. जो डेटा आत्ता बिघडलाय, तो पुन्हा रिपेअर करत बसू नका. आहे तसं अख्खं फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. रिपेअर म्हणजे फाईल वाचता येईल अशी करणं. जे व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, वाचताच येत नाही ते त्यात गळू शकतं, आणि एकुलत्या एका प्रतीवर रिपेअर मारला की परतीची वाट बंद. नऊ दिवसांचं म्हणाल, तर विक्री कार्बन कॉपीच्या बिलबुकावरून पुन्हा चढवता येईल. खरेदी जीएसटी पोर्टलवर तुमच्या २बी या खरेदीच्या पत्रकात दिसेल, अर्थात पुरवठादारांनी त्यांची रिटर्न भरली असतील तर. पैशांची आवक-जावक बँकेच्या स्टेटमेंटवरून जुळवा. दोन रात्री जातील, पण काम होईल. ११ तारखेच्या आत उरका, नाहीतर जीएसटीआर-१ ला, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राला, लटकाल.

आता मूळ गोष्ट. लाईट जाते तेव्हा नेमकं काय बिघडतं?

आडतीतल्या जुन्या दिवाणजींना हे मी एका वाक्यात समजावतो. समजा, तुम्ही कीर्दीत नोंद केली, खतावणीत पार्टीच्या खात्याला ती चढवायला गेलात आणि तेवढ्यात कुणी हातातून वही ओढून घेतली. कीर्दीत रक्कम आहे, खतावणीत नाही. आता तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळणार कशी? तुम्ही एक बिल सेव्ह करता तेव्हा कॉम्प्युटर एकच गोष्ट लिहीत नाही. व्हाउचर, पार्टीचं खातं, मालाचा साठा, कराचं खातं आणि हे सगळं पुन्हा शोधता यावं म्हणून ठेवलेली सूची, अशा पाच-सहा जागी लिहितो. शिवाय विंडोज ते लगेच डिस्कवर टाकत नाही, थोडं मेमरीत साठवून मग टाकतं. डिस्कही स्वतःच्या छोट्या मेमरीत घेते आणि मग खरं लिहिते. स्वस्तातल्या एसएसडीत, म्हणजे चिपवाल्या डिस्कमध्ये, ही अर्धवट नोंद पूर्ण करायला लागणारा, क्षणभर वीज साठवणारा कपॅसिटर नसतो, तो सर्व्हरसाठीच्या महागड्या एसएसडीत असतो. त्यामुळे वीज तुटली त्या क्षणी काही जागी नवं लिहिलेलं असतं, काही जागी जुनंच राहतं. विंडोजची फाईल सिस्टीम स्वतःचा हिशेब लिहून ठेवते हे खरं, पण तो फोल्डर आणि फाईलच्या नावांचा, तुमच्या बिलांचा नव्हे. म्हणून फाईल जागेवर दिसते, साईजही बरोबर दिसते, आणि उघडायला गेलं की आत राख.

आता याच क्षणी बॅकअप सुरू केला तर काय होईल ते पाहा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पोऱ्या बिल मारत होता. त्या कॉम्प्युटरला यूपीएस आहे की नाही, तुम्ही लिहिलं नाहीत. पण भिंतीवर टांगलेल्या नेटवर्क स्विचला तो नाही, हे मी न बघता सांगतो, कुणाकडेच नसतो. लाईट गेली, स्विच मेला, पोऱ्याची नोंद वाटेतच तुटली. डेटावाला कॉम्प्युटर मात्र यूपीएसवर चालू, आणि आपलं शहाणं सॉफ्टवेअर तेवढ्यात त्या अर्धवट डेटाची इमानदारीनं नक्कल काढतंय. साधा पेनड्राईव्ह लिहिताना सेकंदाला पाच-दहा एमबीच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे दोन जीबीच्या फोल्डरला साडेतीन ते सात मिनिटं. तुमचा यूपीएस टिकतो दोन मिनिटं. मधेच सगळं बंद. आणि नवा बॅकअप जुन्यावरच लिहिला जात असेल, तर मूळ डेटाही गेला आणि कालची चांगली प्रतही गेली. असं झालेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तो माणूस मला म्हणाला, "बॅकअप नसता तर निदान कालचं तरी राहिलं असतं की हो."

म्हणून माझ्याकडे कामाची वाटणी साधी आहे. लाईट गेल्यावर फक्त दुकान आवरायचं, म्हणजे चालू नोंद संपवायची, टॅली बंद करायची आणि कॉम्प्युटर नीट बंद करायचा. बॅकअप लाईट असताना, शांतपणे, टॅली बंद असताना घ्यायचा. यूपीएस आवरण्यासाठी, बॅकअप परत येण्यासाठी. दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात बांधली की दोन्ही फसतात.

आवरण्यापासून सुरुवात करू, कारण तुमचं दुखणं तिथंच आहे.

तुमचा यूपीएस ६०० व्हीएचा असावा, बहुतेक दुकानांत तोच असतो. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. कागदावर. बॅटरी भराभर रिकामी होते तेव्हा एवढं देत नाही, आणि रूपांतरातही काही जातं. नव्या बॅटरीकडून ४०-५० वॉट-तास धरा. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १२० वॉट खात असतील तर २० मिनिटं तरी मिळायला हवीत. तुम्हाला दोन मिळताहेत, म्हणजे बॅटरी मेलीय किंवा यूपीएसवर नको ते जोडलंय. या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांच्या धनी. २५ अंशांच्या वर दर १० अंशाला त्यांचं आयुष्य साधारण अर्धं होतं, हा या धंद्यातला ठोकताळा आहे. सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल-मे, पत्र्याचं छत आणि काउंटरखाली पोत्यांच्या मागे कोंबलेला यूपीएस, यात ती दोन वर्षंही काढत नाही. बदलायला हजार रुपयांच्या आसपास लागतात. त्यावरची तारीख पेनने लिहून ठेवा. मी प्रत्येक यूपीएसवर पांढरी चिकटपट्टी लावून बॅटरी टाकल्याचा महिना-वर्ष लिहितो. गिऱ्हाईक हसतं, पण तीन वर्षांनी तीच पट्टी वाचून फोन करतं.

नको ते म्हणजे लेझर प्रिंटर. त्याच्या आत शाई भाजणारा हीटर असतो, तो पेटला की काही सेकंद हजार वॉटच्या घरात ओढतो. ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता ३६० वॉटच्या आसपास. लाईट गेलेली असताना कुणी प्रिंट मारली की यूपीएस लगेच पडतो, सोबत कॉम्प्युटरही. प्रिंटर सरळ भिंतीवर लावा. छोटा थर्मल बिल प्रिंटर असेल तर यूपीएसवर चालेल. आणि यूपीएसवर आवर्जून जोडायच्या दोन गोष्टी म्हणजे तो नेटवर्क स्विच आणि इंटरनेटचा राउटर. दोन्ही मिळून दहा-पंधरा वॉटच्या वर जात नाहीत. एका मल्टिप्लगचा खर्च, पण नोंद वाटेत तुटण्याचा निम्मा त्रास तिथंच संपतो.

दुकानात पंख्यासाठी इन्व्हर्टर आहे, त्यावरच कॉम्प्युटर टाकू का, असं पुढे विचाराल. आपल्या विजेची एक सायकल २० मिलिसेकंदांची. कॉम्प्युटरचा चांगला पॉवर सप्लाय वीज तुटल्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला त्याहून कमी. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर पलटी मारायला, म्हणजे बॅटरीवर यायला, याहून जास्त वेळ घेऊ शकतो. पंख्याला ते कळतही नाही, कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. काही इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडचा खटका असतो, त्यावर टाकलं की पलटी लवकर बसते. मी शक्यतो इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावतो. इन्व्हर्टर तासाभराचा दम देतो आणि यूपीएस पलटीचा क्षण सांभाळतो. फक्त इन्व्हर्टर साईन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवाल्याची वीज कित्येक यूपीएस वीज म्हणून ओळखतच नाहीत आणि बॅटरीवरच बसून राहतात.

आता तो टी-टी. तो सुरू झाला की काय करायचं, हे पोऱ्याला ठरवून द्या. चालू व्हाउचर पुरं असेल तर कंट्रोल-ए, अर्धवट असेल तर सोडून द्यायचं, टॅलीतून बाहेर पडायचं आणि समोरच्या शेतकऱ्याचं बिल हातानं बिलबुकात फाडायचं. लाईट आली की ते चढवायचं. इथं तुम्ही म्हणाल, लाईट कित्येकदा अर्ध्या मिनिटात परत येते, दरवेळी कुठं बंद करायचं? बरोबर आहे. मी दोन मिनिटांचा नियम लावतो, तेवढ्यात लाईट आली नाही तर बंद, पण तो निरोगी बॅटरीवरच. तुमच्या सध्याच्या बॅटरीवर पहिल्या टी-टीलाच बाहेर पडा.

माणूस जागेवर नसेल तेव्हासाठी यूपीएसला यूएसबी पोर्ट हवा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त यूपीएसना तो नसतोच. म्हणून पुढचा यूपीएस घेताना मागची बाजू बघून घ्या. असेल तर ती केबल कॉम्प्युटरला जोडायची. काही यूपीएस विंडोजला लॅपटॉपच्या बॅटरीसारखे थेट दिसतात, काहींना सोबतचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. मग बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की कॉम्प्युटर स्वतः बंद व्हायचा. हा आकडा सहसा पाच-दहा टक्क्यांवर असतो, मी पन्नासवर नेऊन ठेवतो. जुनी बॅटरी चाळीसवरून वीसवर येत नाही, चाळीसवरून थेट शून्यावर पडते.

आता बॅकअप. इथं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे आणि खरा प्रश्न एकच आहे: किती वेळाचं काम पुन्हा करायची तुमची तयारी आहे? तुमच्याकडे दिवसाला ऐंशी-शंभर बिलं आणि त्यांची कार्बन कॉपी असेल, तर एका दिवसाचं काम गेलं तरी रडत का होईना भरून निघेल. हंगामात, पेरणीच्या आठवड्यात, तेवढं परवडणार नाही. मेडिकल दुकानाला अर्धा दिवसही परवडत नाही. पतसंस्थेत पिग्मीचे पैसे आलेले असतात, तिथं मी दर तासाला घेतो. तुमच्यासाठी मी दोन वेळा धरेन, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री दुकान बंद करताना.

रात्री दोन वाजता नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसते. कुणीतरी टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, रात्री दोनची वेळ टाकून जातो, कारण सगळे लेख तसंच सांगतात. आणि दुकानदार रात्री नऊला शॉर्टसर्किटच्या भीतीनं मेन स्विच पाडून शटर ओढतो. वर्षभर तो बॅकअप एकदाही होत नाही. शेड्यूलरमध्ये "वेळ हुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव" असा एक पर्याय असतो, तो मुळात बंद असतो. तो चालू केला तर सकाळी कॉम्प्युटर लावल्या लावल्या बॅकअप सुरू होतो, आणि त्याच वेळी पोऱ्यानं टॅली उघडलेली असते.

आणखी एक खोच आहे, ती मला पुष्कळ उशिरा कळली. त्याच शेड्यूलरच्या कंडिशन्स टॅबमध्ये "कॉम्प्युटर विजेवर असेल तरच सुरू कर" आणि "बॅटरीवर गेला तर थांबव" या दोन्ही खुणा आधीपासून केलेल्या असतात. यूपीएसची यूएसबी केबल जोडली की विंडोज तुमच्या डेस्कटॉपला लॅपटॉप समजायला लागतं, आणि लाईट नसेल तर बॅकअप गुपचूप वगळतं. एका पेढीवर ही खूण मी काढून टाकली होती, म्हटलं बॅकअप चुकायला नको. आता उलट सांगतो, ती राहू द्या. बॅटरीवर बॅकअप नकोच आहे आपल्याला. फक्त वगळला गेला हे कुणाला तरी दिसलं पाहिजे.

म्हणून मी रात्रीचा बॅकअप घड्याळाला बांधत नाही, दुकान बंद करण्याला बांधतो. डेस्कटॉपवर एकच आयकॉन ठेवतो, "दुकान बंद" नावाचा. दिवाणजी किंवा मालक, जो शेवटी उठतो, तो त्यावर टिचकी मारतो. आधी टॅली चालू आहे का ते तपासलं जातं, चालू असेल तर "आधी टॅली बंद करा" असा निरोप येतो. मग डेटाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी होतं, नंतर कॉम्प्युटर आपोआप शटडाउन. दिवे मालवून, कुलूप शोधेपर्यंत काम झालेलं असतं. मालकाला बॅकअप घेतोय असं वाटतच नाही, तो फक्त कॉम्प्युटर बंद करत असतो. "आपोआप" या शब्दाचा माझ्या लेखी अर्थ एवढाच, की माणसाला आठवण ठेवावी लागू नये.

त्या बॅच फाईलमध्ये तीन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली, कॉपी नेहमी "अपूर्ण" नावाच्या फोल्डरमध्ये करायची आणि ती पुरी झाल्यावरच त्याचं नाव बदलून त्या दिवसाची तारीख द्यायची. मधेच लाईट गेली तर "अपूर्ण" पडून राहतं, दुसऱ्या दिवशी पुसलं जातं आणि तारखेच्या एकाही जुन्या प्रतीला धक्का लागत नाही. दुसरी, रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची आज्ञा वापरत असाल तर त्यातला आरशासारखी हुबेहूब नक्कल ठेवणारा एमआयआर हा पर्याय टाळायचा. मूळ जागी फाईल पुसली गेली की तो बॅकअपमधलीही पुसतो, मूळ जागी राख झाली की इथंही राख आणून ठेवतो. तिसरी, जुन्या प्रती किती ठेवायच्या. मी शेवटच्या सात दिवसांच्या रोजच्या, शेवटच्या बारा महिनाअखेरच्या, आणि प्रत्येक ३१ मार्चची कायमची अशा ठेवतो. बिघाड कित्येकदा त्याच दिवशी कळत नाही. एखादं जुनं खातं उघडायला गेल्यावर तीन आठवड्यांनी कळतो. तेव्हा कालची प्रत काय कामाची?

रोबोकॉपीबद्दल एक बारीक गोष्ट, तुमचा हार्डवेअरवाला अडकेल म्हणून. काम संपल्यावर ती एक आकडा परत देते, आणि १ म्हणजे चूक नव्हे, "फाईली कॉपी झाल्या" असा त्याचा अर्थ. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच बोंब समजायची.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे मीच सगळं बसवलं होतं. बॅकअप ई ड्राईव्हवर जायचा, ती म्हणजे मागे लावलेली छोटी हार्डडिस्क. एक दिवस लाईटच्या ये-जामध्ये कॉम्प्युटर दोन-तीनदा चालू-बंद झाला, त्या वेळी कुणाचं तरी मोबाईलचं कार्ड खोचलेलं होतं, आणि विंडोजनं ई हे नाव त्या कार्डाला देऊन टाकलं. हार्डडिस्क झाली एफ. पुढं कार्ड काढून नेलं गेलं आणि ई नावाचं काही उरलंच नाही. फाईल रोज चालायची, रोज चूक द्यायची आणि काळी खिडकी क्षणभर चमकून बंद व्हायची. सात महिने. गरज पडली नाही म्हणून वाचलो. नव्या डिस्कसाठी गेलो होतो, तेव्हा सहज फोल्डर उघडलं आणि घाम फुटला. तेव्हापासून बॅकअपच्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून झेड असं शेवटचं अक्षर कायमचं देतो, आणि बॅकअप झाला नाही तर कॉम्प्युटर बंदच होत नाही, स्क्रीनवर लाल रंगात "आज बॅकअप झाला नाही" असं येऊन थांबतो. मालक वैतागून मला रात्री फोन करतात. करू देत.

तारखेचाही एक घोळ होतो. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की मेन स्विच पाडल्यावर कॉम्प्युटर आपली तारीख विसरतो आणि सकाळी पाच-दहा वर्षं मागे जाऊन उठतो. मग बॅकअपचं फोल्डर भलत्याच सालाच्या नावानं पडतं, "जुन्या प्रती पुसा" ही ओळ नव्या प्रतीलाच जुनी समजून पुसते, आणि तारीख चुकीची म्हणून गूगल ड्राईव्हही जोडला जात नाही. सकाळी कोपऱ्यातलं घड्याळ चुकलेलं दिसलं तर बिल मारायच्या आधी सेल बदला. चहा-भज्यांच्या पैशात येतो.

आतापर्यंत सांगितलेलं सगळं एकाच छपराखालचं आहे, आणि ते पुरेसं नाही. विजेचा सगळ्यात वाईट प्रकार लाईट जाणं नव्हे, न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटणं. तेव्हा सिंगल फेजच्या दुकानात २३० व्होल्टच्या जागी तीनशेच्या पुढे येऊ शकतात. यूपीएस जळतो, सोबत कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरला कायम टोचलेली बॅकअपची हार्डडिस्कही. व्हायरसनं फाईली कुलूपबंद केल्या तरी तेच, जे जोडलेलं आहे ते सगळं जातं. आमच्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं आणि पेठांमध्ये दुकानं बुडाली. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे चिखल भरलेल्या हार्डडिस्कांची रांग लागली होती. एकानं पिशवीतून दोन काढल्या. एक कॉम्प्युटरमधली, दुसरी बॅकअपची. दोन्ही एकाच टेबलात, एक वर, एक खणात. बार्शीला पूर येणार नाही, पण आग, चोरी आणि न्यूट्रल कुठंही येतात.

म्हणून तिसरी प्रत दुकानाबाहेर. दोन पेनड्राईव्ह किंवा छोट्या डिस्का घ्या, एक दुकानात, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. हे कंटाळवाणं आहे, म्हणून जोडीला इंटरनेट. डेटाची पासवर्ड लावलेली झिप करून ती गूगल ड्राईव्हच्या फोल्डरमध्ये टाकायची. फुकटच्या १५ जीबीत तुमच्या आकाराच्या दुकानाचं चांगलं भागतं. फक्त रात्री चढवणं पुरं होण्याआधीच कॉम्प्युटर बंद होतो, म्हणून ही झिप मी दुपारच्या सुट्टीतल्या बॅकअपबरोबर करतो. तेव्हा ती चढायला अख्खी दुपार मिळते. त्या वेळी नेमकी लाईट नसेल तर दुसऱ्या दिवशी जाते, त्यानं काही आभाळ कोसळत नाही. पासवर्ड कागदावर लिहून एक घरी, एक तुमच्या सीएंकडे.

पण टॅलीचं चालू फोल्डरच ड्राईव्हमध्ये ठेवू नका. "क्लाऊडवरच आहे, मग बॅकअप कशाला" म्हणणारे भेटतात. ती सिंक असते. इथं बिघडलं की मिनिटाभरात तिथंही बिघडतं, शिवाय टॅली लिहीत असताना ड्राईव्हही त्याच फाईलला हात घालतो. ड्राईव्ह फाईलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवतो हे खरं, पण टॅलीच्या फोल्डरमधल्या ढीगभर फाईलींपैकी प्रत्येकीची त्याच वेळची आवृत्ती शोधून काढत बसण्यापेक्षा बिलं पुन्हा चढवलेली बरी.

उद्या टॅली सोडून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं बिलिंग घेतलंत तर नियम थोडे बदलतात. तिथं आधी व्यवहाराची नोंदवही लिहिली जाते, म्हणून लाईट गेल्यानंतर ते बऱ्यापैकी स्वतःला सावरतं. पण तिथं एमडीएफ, म्हणजे त्याची डेटाची फाईल, उचलून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे, त्याची स्वतःची बॅकअपची आज्ञा चालवावी लागते. आणि फुकटच्या एक्सप्रेस आवृत्तीत वेळापत्रक चालवणारा एजंट नसतो, त्यासाठी पुन्हा टास्क शेड्यूलरच.

कायद्याचं थोडक्यात. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, म्हणून ३१ मार्चच्या प्रती पुसू नका. तुमची फर्म प्रोप्रायटरी दिसते. प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर २०२२ पासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. तेव्हा सीएंना विचारा.

महिन्यातून एकदा बॅकअप उघडून बघायचा. मी पहिल्या रविवारी एका जुन्या लॅपटॉपवर झेडमधली कालची प्रत टाकतो, कंपनी उघडतो, ट्रायल बॅलन्सची बेरीज आणि शेवटच्या बिलाचा नंबर दुकानातल्याशी ताडून बघतो. दहा मिनिटं लागतात. तुमच्या दिवाळीआधीच्या पेनड्राईव्हचं असं एकदा जरी झालं असतं, तरी तो इतका मागे पडल्याचं नोव्हेंबरातच दिसलं असतं.

तुम्ही आत्ता एवढंच करा. या रविवारी दुकान बंद असताना आधी बॅकअप हातानं घेऊन ठेवा. टॅली बंद ठेवून कॉम्प्युटर चालू करा, यूपीएसची पिन भिंतीतून ओढा आणि मोबाईलवर वेळ लावा. प्रिंटर काढून किती मिनिटं टिकला आणि लावून किती, ते दोन्ही आकडे इथं लिहा. सोबत यूपीएसच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, यूएसबी पोर्ट आहे का ते मला दिसेल. डेटाच्या फोल्डरचा आकारही सांगा. मग "दुकान बंद"ची फाईल तुमच्या मापाची करून देतो.